कच्चा तांबडा

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. मोठेपणी बायकोनं तेच म्हटलं, फक्त जरा वेगळ्या सुरात. चित्रकाराला बैठक लागते म्हणतात. मला ती कधी जमलीच नाही. चित्रं मी उभ्यानं काढली, दुकानांच्या पाट्या शिडीवर चढून रंगवल्या, आणि शिकवलं तेही ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत. आता गुडघे बोलायला लागलेत, तरी सकाळी खुर्चीत टेकलो की दहा मिनिटांत उठतो, अंगणाच्या पायरीपर्यंत जातो, परत येतो. सून विचारते, बाबा, कुणी यायचंय का? तिला काय सांगणार? आयुष्यात एकदाच नीट बसलो होतो, आणि त्या बसण्याची चीड अजून गेलेली नाही.

ही गोष्ट तीस ते चाळीस सालांच्या मधली. मुंबईच्या कलाशाळेत दोन वर्षं काढून मी नाशिकला परत आलो होतो. काढून म्हणजे, टिकून नव्हे. प्लॅस्टरचे नाक-कान समोर ठेवून महिनामहिना त्यांच्या सावल्या घोटत बसायचं, ते आपल्याच्यानं होईना. एक दिवस मास्तरांशी वाजलं आणि मी पेटी उचलून गाडीत बसलो. घरी आल्यावर वडील महिनाभर बोलले नाहीत. मीही हट्टाला पेटलो. मेनरोडवरच्या कापडवाल्यांच्या पाट्या, गणपतीचे डोळे, फोटोग्राफरच्या मागचा महाल आणि कारंजं, नाटकमंडळींचे जंगलाचे पडदे, जे येईल ते घेतलं. हात सतत शिवशिवत असायचे, आणि त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

त्यात डोक्यात किडा शिरला की आपण रंगाचा वर्ग काढावा. गावात रंगाशी पोट बांधलेली माणसं कितीतरी, पण रंग म्हणजे काय हे कुणाला नीट ठाऊक नाही, असं मला तेव्हा वाटायचं. मुंबईहून आलेल्या माणसाला असं वाटतंच. पंचवटीत नदीकडे तोंड असलेली एक धर्मशाळा होती. तिची ओसरी रविवारी सकाळी रिकामी असे. तिथे मी एक पुठ्ठा टांगला, त्यावर तांबडा, पिवळा आणि निळा असे तीन गोळे काढले आणि वर्ग सुरू झाला.

आले सातआठजण. भांड्यांवर नावं घालणारा एक तांबट, एक शिंपी, दोन प्राथमिक शाळेतले मास्तर, भद्रकालीकडचा एक म्हातारा मुसलमान रंगारी, ज्याला सगळे चाचा म्हणत. त्याचं सगळं आयुष्य लुगडी आणि पागोटी रंगवण्यात गेलं होतं. मी कुठलाही रंग दाखवला की तो मान वाकडी करून एकच विचारायचा, "मास्तर, हा पक्का का कच्चा?" मी म्हणायचो, चाचा, इथं कापड धुवायचं नाहीये. तो म्हणायचा, "धुवायचं नसलं तरी विचारावं." मला राग यायचा. पण त्याच्या बोटांच्या पेरांत मुरलेला जांभळा रंग पाहिला की मी गप्प व्हायचो.

आणि एक बाई यायची. माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठी असेल. दिंडोरीकडच्या खेड्यातली, मराठी चौथी झालेली. नवरा मुंबईला गिरणीत गेला तो तिकडेच दुसरा संसार मांडून बसला, आणि ही सात-आठ वर्षांची पोर घेऊन पंचवटीत भावाच्या घरी राहायला आली. भावाचा धंदा कुंकू करायचा. हळकुंडं फोडायची, भिजवायची, वाळवायची, दळायची, हे सगळं काम हिच्या अंगावर. हातांचे तळवे कायम पिवळे आणि नखांच्या कडा लाल. वर्गात ती खांबाला टेकून बसे आणि फारसं बोलत नसे. एवढ्या पुरुषांत बाई एकटी कशी येते, म्हणून आधी कुजबुज झाली. चाचा तिच्या शेजारी अंतर ठेवून बसायला लागल्यावर ती कुजबुज थांबली.

माझं पहिलं प्रवचन ठरलेलं असे. पुठ्ठ्यावर काठी आपटत मी सांगायचो, हे तीन मूळ रंग. बाकीचे सगळे यांची पिलावळ. पिवळ्यात निळा घातला की हिरवा, तांबड्यात पिवळा घातला की नारिंगी. पण हे तिघं कशापासूनही होत नाहीत. हे आईबाप नसलेले रंग. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं आणि मला फार आवडायचं. प्रत्येक रविवारी कुणी नवा आला की मी ते पुन्हा म्हणून घ्यायचो.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी ते वाक्य म्हणून मी वळलो, तर खांबापासून आवाज आला. "मास्तर, तांबड्याला आईबाप हायेत."

मी थांबलो. "काय म्हणालात, बाई?"

"आई हळद, बाप चुना. आमच्याकडं रोज होतंय ते."

शिंपी फसकन हसला, दोघे मास्तर एकमेकांकडे पाहून गालात हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, बाई, चुना पांढरा असतो. पिवळ्यात पांढरा घातला तर फिका पिवळा होईल, तांबडा कसा होईल? ती म्हणाली, "ते तुमच्या रंगाच्या पुड्यांत. हळदीचं तसं नाय." मी म्हटलं, वर्गात घरच्या गोष्टी नकोत. उरलेला तास मी नेहमीपेक्षा जास्त चाललो आणि नेहमीपेक्षा वाईट शिकवलं.

पुढच्या रविवारी ती आली ती कमरेला पुडी खोचून. वर्ग सुरू व्हायच्या आधीच ओसरीच्या दगडी पायरीवर बसली, चिमूटभर हळद पाण्यात कालवली, बोटाच्या टोकावर चुना घेतला आणि त्यात फिरवला. आम्ही सगळे वाकलेलो. हळद जागच्या जागी विटकरी झाली, मग लाल, मग चांगली रसरशीत तांबडी. माझ्या पुठ्ठ्यावरच्या गोळ्यापेक्षा जास्त तांबडी. घरोघरी ओवाळायच्या तबकात हे पाणी मी जन्मापासून पाहिलेलं होतं. माझ्या आईनं शंभर वेळा माझ्यासमोर केलं असेल. पण त्याचा आणि माझ्या रंगविद्येचा संबंध असेल, हे माझ्या मुंबईच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. इतका मी शहाणा.

चाचा पुढे झुकला. "पक्का का कच्चा?"

"कच्चा, चाचा." तिनं ओच्यातून लिंबाची फोड काढली आणि दोन थेंब पिळले. तांबडा रंग आमच्या डोळ्यांदेखत मागे सरकला आणि पुन्हा पिवळी हळद उरली. "नुसत्या चुन्याचा कच्चाच. लिंबू लागलं की उलटतो. कुंकवाचा पक्का करायचा तर हळकुंडं टाकणखार, सोनार वापरतो तो खार, घालून लिंबाच्याच रसात मुरवायची, सावलीत वाळवायची. घाई केली की बिघडलं. पण एकदा मुरला की मग तेच लिंबू त्याला काय करत नाय."

चाचानं मान हलवली. त्याच्या मानेला मी कधी असं कौतुकानं हललेलं पाहिलं नव्हतं.

मला त्या क्षणी काय झालं ते सांगतो. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग असा काही आनंद झाला की मी ओसरीभर नाचायचाच बाकी राहिलो. पुस्तकही खोटं नव्हतं म्हणा. रंगात रंग कालवणं वेगळं आणि हळदीत चुना मिसळून तिचा गुणच पालटणं वेगळं, एवढाच फरक. दोन वाक्यांत सांगून होईल असा. पण दोन वाक्यांवर माझं कधी भागलंय? मी मोठ्या आवाजात जाहीर केलं की आजपासून या वर्गात नियम एकच. डोळ्यांना दिसेल ते सांगायचं. पुस्तकात काही का असेना. आणि बाहेर कुणी अडवलं तर माझं नाव सांगा, मी तुमच्यासाठी उभा राहीन.

मी उभा राहीन. हे शब्द माझेच. सातआठ माणसांसमोर बोललो होतो आणि मनापासून बोललो होतो.

त्यानंतर ती बाई वर्गात बोलायला लागली. त्या वर्षी पेठेतल्या एका गणपतीच्या मेळ्याला पडदा हवा होता. मी म्हटलं, आपण वर्गानं मिळून करू. मांजरपाटाचे चार पन्ने शिवून शिंप्यानं कापड केलं, खळ लावून ते ओसरीवर ताणलं, आणि नदीचा घाट रंगवायचा असं ठरलं. घाट समोरच होता, बघायला कुठे जायला नको. पायऱ्यांचा ओला दगड मात्र मला साधेना. काजळीत सफेदा घालून मी तीनदा रंग केला, तीनदा तो राखेच्या ढिगासारखा दिसला. मी वैतागून कुंचला बादलीत फेकला. तिनं शांतपणे गेरू घेतला, नीळ घेतली, वर पिवडीची चिमूटभर पिवळी माती टाकली. काळ्या रंगाला हातही लावला नाही. "ओला दगड काळा नसतोय मास्तर," ती म्हणाली, "जांभळा असतो. बघा की." मी बघितलं. जन्म नाशकात गेला आणि घाटाचा दगड मला पहिल्यांदा दिसला.

पडदा गावात गाजला. आपल्या नदीवर आपणच नव्यानं उभे आहोत असं वाटतं, असं कुणीकुणी म्हणालं. मेळा बघायला आलेल्या मुलींच्या शाळेच्या हेडबाईंनी मुद्दाम चौकशी केली की पायऱ्या कुणी रंगवल्या. मी बाईंना पुढे केलं. हेडबाई म्हणाल्या, आम्हाला चित्रकला आणि भरतकाम शिकवायला बाई हवी आहे, शाळेच्या मागे शिक्षिकांसाठी खोल्या आहेत, शिक्षिकेच्या मुलीला शाळेत घेऊ. फक्त कमिटीसमोर परीक्षा द्यावी लागेल.

त्या दिवसापासून बाईंचं चालणं बदललं. खोलीची गोष्ट ती फार बोलून दाखवत नसे, पण एकदा पडदा गुंडाळताना म्हणाली, "भाऊ चांगला हाय माझा. पण त्याच्या घरात पोरगी हसली तरी मी दचकते, वहिनीला काय वाटंल म्हणून. एक खोली मिळाली ना मास्तर, तर तिला सांगणार हाय, हस बाई काय हसायचं ते." हे तिनं मला सांगितलं होतं. तिच्यासाठी काय पणाला लागलंय हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

आता माझी बाजू. मुलींची शाळा चालवणारी कमिटीच मुलांचं हायस्कूलही चालवायची. तिथले ड्रॉइंग मास्तर त्या वर्षाअखेर घरी बसणार होते. त्यांच्या जागेसाठी मी अर्ज टाकला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांनी अबोला सोडून वर्ष झालं होतं, पण माझ्या शिड्या आणि डबे बघून त्यांचा चेहरा अजून पडायचा. बायकोला दिवस गेले होते. शिडीवरून चढउतर करून किती दिवस काढणार, असं ती विचारायची, आणि मलाही, जन्मात पहिल्यांदा, कुठेतरी टेकावंसं वाटत होतं. यात वाईट काही नव्हतं. वाईट पुढे झालं.

परीक्षा दिवाळीनंतर झाली. शाळेच्या दिवाणखान्यात लांब टेबल. मधे अध्यक्ष, गावातले बडे वकील. त्यांच्या एका बाजूला हेडबाई आणि दुसऱ्या बाजूला पुण्याहून बोलावलेले एक वृद्ध ड्रॉइंग मास्तर. बाईंना शिकवणारा म्हणून मलाही बोलावलं होतं. मी सवयीनं खिडकीपाशी उभा राहिलो, तर अध्यक्ष म्हणाले, "बसा हो, मास्तर. असे टांगल्यासारखे काय उभे राहता?" त्या आवाजात आपुलकी होती. माझा अर्ज त्यांनी वाचला होता, हे मला त्या एका वाक्यात कळलं. मी भिंतीजवळच्या खुर्चीत बसलो.

बाईंनी तांब्या आणि वर आंब्याचा डहाळा काढला. पितळेची चमक अशी पकडली की पुण्याच्या मास्तरांनी कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग वेलबुट्टीची किनार. तीही छान झाली. मला वाटलं, जिंकलं. माझे पाय खुर्चीखाली हलत होते.

मग तोंडी प्रश्न. "मूळ रंग कोणते?"

"तांबडा, पिवळा, निळा."

"त्यांना मूळ का म्हणायचं?"

साधा प्रश्न. ते कशापासून होत नाहीत म्हणून, एवढं म्हटलं की सुटका होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागावी तसं नव्हे. आपलं माणूस जागेवर आहे ना, एवढं बघून घ्यावं तसं. मग म्हणाली, "ते दुसऱ्या रंगांपासून होत नाहीत असं पुस्तकात हाय. पण तांबडा होतो."

"कशापासून?"

"हळद आणि चुना. करून दाखवू का?"

अध्यक्ष मोठ्यानं हसले. "बाई, ही परीक्षा चित्रकलेची आहे. स्वयंपाकघराची नाही." हेडबाई खाली बघायला लागल्या. पुण्याचे मास्तर हसले नाहीत, ते माझ्याकडे वळले. माणूस सरळ होता. त्यांनी सरळच विचारलं, "हे तुमच्या वर्गात शिकवलं जातं का?"

बाईचा हात कमरेशी गेलेला मी पाहिला. तो तिथे का गेला हे तेव्हा मला सुचलं नाही.

दोन वाक्यांचं काम होतं. हो साहेब, मीच सांगितलंय. रंग कालवणं वेगळं आणि रंगाचा गुण पालटणं वेगळं. बाईंना दोन्ही माहीत आहे, दाखवू द्या त्यांना. एवढं बोलायला किती वेळ लागतो? मला उठून उभं राहायचं होतं. उठलो नाही. खुर्चीचे हात धरून, अगदी गोड आवाजात मी म्हणालो, "नाही साहेब. मी पुस्तकाबाहेरचं काही शिकवत नाही. बाई घरी कुंकू करतात, त्यातलं काहीतरी बोलून गेल्या असतील."

बाईंनी कमरेवरचा हात खाली घेतला. अध्यक्षांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "हात चांगला आहे, पण पाया कच्चा आहे. आमच्या मुलींना पक्क्या पायाची शिक्षिका हवी." तिनं सगळ्यांना नमस्कार केला. मलाही केला. आणि पदर सावरून निघून गेली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझ्या पायांना विचारा. शिडीवर चढायचो आणि उतरायचो. एका सराफाच्या पाटीवर मी 'दागिने' हा शब्द 'दगिने' असा रंगवला आणि तो दुकानदार बोंबलत बाहेर आला. संध्याकाळी अध्यक्षांच्या घराकडे निघायचो. जाऊन सांगायचं की मी खोटं बोललो, बाईंची परीक्षा पुन्हा घ्या. रविवार कारंजाच्या चौकापर्यंत पाय भराभर चालत. तिथून त्यांची गल्ली लागली की मंद होत. कोपऱ्यावर पानवाला होता. त्याच्याकडून पान घ्यायचं आणि परत फिरायचं. असं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी पानवाला मला बघून विचारायच्या आधीच विडा बांधायला लागला. मी मनाशी हिशेब मांडला की आधी नेमणुकीचं पत्र हातात पडू दे. एकदा पक्का झालो की मग माझ्या शब्दाला वजन येईल, मग बाईंचं काम सहज करून देता येईल. माणूस स्वतःला किती सफाईनं गंडवतो बघा.

पत्र शनिवारी आलं. वडिलांनी ते दोनदा वाचलं, देवापुढे ठेवलं, आणि कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला ओरडावंसं वाटत होतं. मी म्हटलं, जरा बाहेर जाऊन येतो.

रविवारी ओसरीवर लवकर गेलो. कुणी आलेलं नसेल अशा बेतानं गेलो होतो, पण ती आधीच पायरीवर बसलेली होती. बरोबर तिची पोर. पोर गुडघे पोटाशी घेऊन नदीकडे बघत होती, हसत-बोलत नव्हती. बाईंनी माझे दोन कुंचले आणि वर्गाचं पुस्तक फडक्यात बांधून आणलं होतं. ते तिनं ओसरीच्या कडेवर ठेवलं.

मी घाईघाईनं बोलायला लागलो. बाई, मी जाणार आहे अध्यक्षांकडे, मला पत्र मिळालंय, आता माझं ऐकतील ते, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा... माझे शब्द एकमेकांत अडकत होते. ती ऐकून घेत होती. संपल्यावर म्हणाली, "पुढच्या रविवारपासून मी येणार नाय, मास्तर. वहिनी म्हणाली, झालं तेवढं शिक्षण पुरे. हिलाही आता हळकुंडं फोडायला बसवायची हाय."

मग तिनं कमरेची पुडी काढली. ती पुडी मी ओळखली. कागद चुरगळलेला, चार दिवस खोचून ठेवल्यासारखा. तिनं ती उघडून पायरीवर ठेवली. हळद होती, पानात गुंडाळलेला चुना होता, आणि वाळून आक्रसलेली लिंबाची फोड होती.

"त्या दिवशी नेली होती बरोबर," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं, ते ऐकणार नायत. बघितल्याबिगर कोण ऐकतंय? तुम्हीसुद्धा नव्हतं ऐकलं. म्हटलं, मास्तर उठतील, म्हणतील, दाखवू द्या हिला. मग दाखवीन. कच्चा कसा होतो ते दाखवीन, पक्का कसा होतो ते सांगीन."

मला रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती. नदीवर धुणं आपटल्याचे आवाज येत होते. पोरीनं आईच्या हातातून फोड घेतली आणि ती नाकाशी धरून हुंगली.

चाचा तेवढ्यात पायऱ्या चढून आला. त्याला सगळं कळलेलं होतं, पेठेत अशा गोष्टी लपत नाहीत. त्यानं बाईला सलाम केला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्या दिवशी त्यानं मला एकाही रंगाबद्दल काही विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

बाई उठली. पोरीचा हात धरून दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, भांडण मला येतं. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं.

"एवढे दिवस बघते मी तुम्हाला, मास्तर. एक घटका कधी बसला नाय तुम्ही. त्याच दिवशी कसे काय बसलात?"